भगवान टेलर आणि आडवी बाटली

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झालाय, पण सरकारी शिक्क्यानिशी झालेला एकच. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान व्हायचं होतं. तारीख ठरवायला तहसीलचे साहेब शाळेत आले. मी शाळेची मुख्याध्यापिका, वर बायकांची पुढारी. पदराला बिल्ला लावून खुर्चीत ताठ बसले होते. मीच म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. शाळा रिकामी असते आणि बाया मोकळ्या असतात."

साहेबांनी पेन तसंच हवेत धरून विचारलं, "नक्की ना मॅडम?"

"नक्की," मी म्हणाले. वर चहासुद्धा पाजला त्यांना.

ज्यांना यातली मेख अजून कळली नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मला तर मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत कळली नव्हती. भाऊबीजेला गावातल्या सुना आपापल्या माहेरी जातात, आणि गावाच्या लेकी माहेरपणाला गावात येतात. ओट्या-ओट्यावर नव्या साड्या दिसतात, गल्लीत नुसता कलकलाट. पण मतदार यादीत नाव सुनांचं असतं. लेकींची नावं त्यांच्या त्यांच्या सासरच्या गावी. म्हणजे मी मतदानाला असा दिवस निवडला, की त्या दिवशी गावात बायाच बाया होत्या आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना मतच नव्हतं.

नातवंडं विचारतात, "आजी, तेव्हा तुझं डोकं कुठे होतं गं?" मी सांगते, "अंबाड्याखाली. तो तेव्हा फार मोठा घालत होते मी."

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं, केनवडच्या बाजूचं. नाव सांगत नाही, तिथल्या सुना अजून मला पाहून पदराआड हसतात. एक मात्र सांगायला हवं. या मूर्खपणात मी एकटी नव्हते. तारीख सुचली माझ्या डोक्यातून, पण तिला "लय भारी, बाई" म्हणणारा माणूस माझ्या शेजारच्या दारात राहत होता. भगवान टेलर.

भगवानच्या दुकानावर पाटी होती 'न्यू फॅशन टेलर्स'. त्यातलं न्यू कधीच उडालं होतं आणि फॅशन त्याला पसंत नव्हती. ओसरीत एक पायमशीन, भिंतीला खिळ्यांवर लटकलेले ब्लाऊज, गळ्यात टेप आणि कानामागे खडू. तो खडू कानामागे ठेवून जेवायचा, अंघोळीलासुद्धा तसाच जात असणार. बाईमाणसाचं माप त्यानं कधी टेप लावून घेतलं नाही. "मापाचा ब्लाऊज द्या," एवढंच बोलायचा, तेही खाली बघून. मग शिवताना स्वतःशीच ठरवायचा की या बाईला बाळंतपणानंतर आता जरा सैल लागेल, आणि ते बरोबर निघायचं. कधी मिळेल विचारलं की उत्तर ठरलेलं, "होईन बाई, गुरुवारी होईन." कुठला गुरुवार ते त्यानं आयुष्यात कधी सांगितलं नाही.

उरलेल्या कापडाचा तुकडा तो ठेवून घ्यायचा नाही. ब्लाऊजच्या घडीत घालून परत द्यायचा. म्हणायचा, "लोकाच्या कपड्याची चिंधी बी लोकाचीच."

आणि प्यायचा. लपवण्यासारखं काही नव्हतं. गावात सरकारमान्य अशी पाटी दोनच ठिकाणी होती, एक माझ्या शाळेवर आणि दुसरी बसस्टँडजवळच्या त्या दुकानावर. माझ्या शाळेतून गेलेली निम्मी पोरं पुढे तिकडे भरती व्हायची, म्हणून त्या पाटीचा मला फार राग.

भगवानच्या पिण्याला एक शिस्त होती. मशीनवर बसून त्यानं कधी घोट घेतला नाही. दुपार कलली की उठायचा, मशीन पुसायचा आणि तिच्यावर खोळ चढवायचा. ती खोळ त्यानंच शिवलेली, जाड निळ्या कापडाची, चारी बाजूंनी नाडी. लहान लेकराच्या अंगावर पांघरूण टाकावं तशी ती टाकायचा आणि मग बसस्टँडकडे निघायचा. एकदा मी विचारलं, "भगवानभाऊ, धूळ तर दिवसभर बसते, खोळ संध्याकाळीच का?"

म्हणाला, "धुळीसाठी नाही, बाई. मी येतो तवाचं तोंड तिले काहून दाखवा?"

सकाळी मात्र तिला सगळं दिसायचं. हात थरथरायचे. मशीनची सुई कशीबशी जमायची, पण काजं, हुक, तुरपाई यांच्या सुईत दोरा काही जायचा नाही. बायको पोर लहान असतानाच गेली होती. ती पोर म्हणजे रेखा. रेखा शाळेत यायच्या आधी सुया ओवून ठेवायची. लाल, पांढरा, काळा, हिरवा, सगळ्या रंगांच्या सुया ओवून भिंतीवरच्या एका चिंधीत ओळीनं टोचायची. बाप दिवसभर त्यातली एकेक काढून वापरायचा. मी तिला वर्गात विचारायचे, "उशीर का झाला गं?" ती म्हणायची, "आज हिरवा दोरा लय लागणार होता, बाई." मी तिला बाकावर उभी करायचे. तेव्हा मला वेळेचं भारी कौतुक होतं.

रेखाच्या लग्नाची कथा भगवान फार अभिमानानं सांगायचा, आधी. स्थळं पुष्कळ आली. रिठदचं आलं, शिरपूरचं आलं, वाशिमचा नोकरीवाला आला. त्यानं सगळी परत पाठवली आणि पोर दिली थेट वर्धा जिल्ह्यात. "काहून?" म्हणून कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचा, "तिकडं सरकारनं दारूच बंद केली हाय. कायद्यानं. माह्या पोरीनं बापाची सुई ओवली, नवऱ्याची ओवायची नाही."

मी त्याचा जाहीर सत्कार करायचा तेवढा बाकी ठेवला होता. शाळेच्या सभेत त्याचं उदाहरण दिलं. पोरींना सांगितलं, असा बाप पाहिजे. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, कृषी खात्यात होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बंदी जिल्ह्याला आहे, जावयाला नाही." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

पहिल्या दिवाळसणाला जावई आला. भगवाननं त्याच्यासाठी सफारीचं कापड आणून ठेवलं होतं. माप घ्यायला जवळ गेला, गळ्याभोवती टेप घेतला आणि तसाच थांबला. मग खांदा, छाती, बाही, सगळं नीट घेतलं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ कानामागचा खडू काढून बोटांत फिरवत राहिला.

"बाई, मोहाची हाय."

"काय मोहाची?"

"जावई पेते थे. देशी नाही. हातभट्टीची, मोहाची. आपल्या दुकानातली असती त मी वासावरून बाटली बी सांगितली असती." मग थोडा हसला. "चांगली हाय पण. पाणी नाही घालत तिकडचे."

मी त्याच्यावर चिडले. हसता काय, म्हणाले. तो उठून गेला आणि त्या दिवशी खोळ न टाकताच बसस्टँडकडे गेला. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी रागावण्यात गुंतले होते.

त्यानंतरच्या वर्षी आमची चळवळ उभी राहिली. कायदा असा होता, गावातल्या ठरावीक बायकांनी सह्या करून अर्ज दिला की सरकार गुप्त मतदान घेतं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीतल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या. जी आलीच नाही ती जणू उभ्या बाटलीच्या बाजूची. हा नियम मी सभांमधून पाठ म्हणून दाखवायचे, आणि तरीही तारीख दिली भाऊबीजेला लागून. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल की माझा भाऊ लवकर गेला, तेव्हापासून भाऊबीजेला मी कुठे जात नव्हते. लोक त्या दिवशी कुठे जातात हे मी विसरूनच गेले होते. भगवानचंही तसंच. त्याच्या घरातून भाऊबीजेला जाणारं कोणी नव्हतं. येणारी एक होती, आणि तो तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसायचा.

सह्या गोळा करताना सगळ्यात आधी तोच आला. "आणा इकडं, कुठी करू?"

"पुरुषांची सही चालत नाही, भगवानभाऊ."

"बाई, पेतो मी, अन् सही तुमची? ज्याचं पोट दुखते त्याले बोलू द्या ना."

बाया हसल्या. मीही हसले. पण एक गोष्ट मला खुपत होती, ती मी विचारली. "तुम्हाला जावयाचं माहीत आहे. तिथं कायद्यानं बंद आहे, तरी तो पितो. मग इथं बंद करून तुमचं काय होणार आहे? तुम्ही पण कुठून तरी आणालच."

त्यानं सह्यांचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "आणीन. मी काही देव नाही. पण जावई लपून पेते, बाई. नाल्याकडे जाते, अंधार पाह्यते, पोलीस पाह्यते, बायकोले खोटं सांगते. त्याले अजून लाज हाय. मी कोणाले भेतो? दुकानावर सरकारची पाटी हाय, आत लाईट हाय, बसायले बाकडं हाय. माही लाज त्या बाकड्यावर बसून-बसून झिजली. मले दारू बंद नाही पायजे, मले थे लाज वापस पायजे."

मी हे वाक्य माझ्या भाषणात घेतलं. त्याचं नाव न सांगता. टाळ्या पडल्या.

मिरवणुकीचा फलक त्यानंच शिवला. पांढऱ्या कापडावर हिरव्या कापडाची आडवी बाटली, एवढी हुबेहूब की लेबलची कड जराशी उचकटलेलीसुद्धा दाखवली होती. बाया म्हणाल्या, "भगवान, समोर ठेवून शिवली काय रे?" मी पाहिलं तर आडव्या बाटलीला झाकण घट्ट बसवलेलं. मी म्हणाले, "अहो, आडवी म्हणजे सांडलेली दाखवायची. झाकण कशाला?"

त्याचा चेहरा खरंच पडला. "सांडली त वाया नाही का जाणार, बाई?"

झाकण तसंच राहिलं. दुरुस्त करायला वेळही नव्हता. दिवाळी तोंडावर आलेली, शिलाई डोक्याएवढी साचलेली. तो रात्रंदिवस मशीनवर होता. आज आठवलं की मला आमच्या दोघांचं हसू येतं. त्या आठवड्यात त्याच्याकडे येणारी प्रत्येक सून हेच सांगत होती, "माहेरी जायचं हाय भाऊ, लवकर द्या." मी शेजारी बसून फलकाला काठी लावत होते. दोघांनीही ऐकलं. तो म्हणत होता, "होईन, होईन." मी म्हणत होते, "मतदान विसरू नका बरं." त्या म्हणत होत्या, "नाही बाई." खोटं नव्हत्या बोलत. मतदान लक्षात होतंच त्यांच्या, पण भाऊ त्याआधी आठवत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. दिवाळीच्या पाडव्याला दारूच्या दुकानवाल्यानं आपली जीप काढली. बायांना केनवडच्या स्टँडवर फुकट सोडून देतो म्हणाला, सणासुदीला एसटीत जागा मिळत नाही. मी मंदिराच्या माईकवरून त्याचे आभार मानले. "माणसाचं हृदयपरिवर्तन होतं ते असं," हे माझे शब्द. हृदयपरिवर्तन म्हणताना मी एक हातही वर केला होता. जीप भरून-भरून जात होती आणि मी तिच्याकडे पाहून हात हलवत होते. दुकानवाल्यानंही हलवला.

मतदानाच्या दिवशी सकाळी भगवाननं मशीनवरची खोळ काढली आणि घडी करून पेटीत घातली. मला बोलावून दाखवली. "आज काही टाकत नाही. जमलं त कधीच नाही." नवा सदरा घातला होता, केस चप्प बसवले होते. हात थरथरतच होते, पण डोळे एवढे स्वच्छ मी त्याचे कधी पाहिले नव्हते. रेखा आदल्या दिवशीच आली होती, एकटी. नवऱ्याला सुट्टी नाही म्हणाली. आम्ही दोघांनीही पुढे काही विचारलं नाही.

मिरवणूक काय सुरेख निघाली. एवढ्या बाया गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. फलकाचं एक टोक रेखाच्या हातात, दुसरं भगवानच्या. घोषणांनी माझा घसा बसला. शाळेच्या फाटकाशी पुरुषांना अडवलं, भगवान तिथं थांबला. रांगेत सगळ्यात पुढे रेखा.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नाव नाही."

रेखा म्हणाली, "नीट पाहा ना साहेब. मी अथलीच हाव. याच शाळेत शिकली."

"होतीस, ताई. आता तुझं नाव सासरी असेल."

तिच्या मागची पुढे आली. तिचंही नाही. तिच्या मागची, तिचंही नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गावात बाया तर पुष्कळ दिसतात. या कोण आहेत?"

मी मागे वळून रांग पाहिली. एकूणएक माझ्या विद्यार्थिनी. मीच सगळ्यांना बाराखडी शिकवलेली, मीच सगळ्यांच्या लग्नात अक्षता टाकलेल्या. लेकी. सगळ्या लेकी.

पडलेल्या मतांत जवळजवळ सगळी आडव्या बाटलीला होती. पण यादीच्या निम्म्याच्या जवळपाससुद्धा नाही. उभी बाटली न लढता उभी राहिली. दुकानवाल्याची जीप दोन दिवसांनी सुनांना परत घेऊन आली, तेव्हा त्यानं माईक मागितला नाही एवढाच त्याचा मोठेपणा.

निकाल ऐकून मी शाळेच्या पायरीवर बसले. रडत होते हे आता कबूल करायला हरकत नाही. भगवान फाटकातून आत आला. फलकाची घडी घालून माझ्या शेजारी ठेवली. म्हणाला, "तुमी नोका रडू, बाई. माह्या जवळ रडायले जागा हाय, तुमच्या जवळ नाही."

आणि घरी गेला, पेटी उघडली, खोळ काढली, मशीनवर टाकली, नाड्या बांधल्या. रेखा दारात उभी होती. दोन दिवसांनी ती गेली तेव्हा भिंतीवरची चिंधी सुयांनी भरून गेली होती. एवढ्या सुया त्यानं कुठून आणल्या होत्या कोण जाणे. त्या संपल्यावर तो सकाळी माझ्या दारात सुई घेऊन यायला लागला. "एवढं ओवा, बाई." मला चष्मा लागलेला, त्याला कंप. आमची ओट्यावर पंचाईत चालायची. वर मी त्याला दारूबंदीवर व्याख्यान द्यायचे, आणि तो सुई हातात धरून पूर्ण ऐकून घ्यायचा. दोरा हवा असायचा ना.

पुन्हा अर्ज करायचं आम्ही बोलत राहिलो. ज्या सुनांना माझं तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, त्यांच्याच सह्या पुन्हा मागायच्या होत्या. मी टाळलं. मग निवृत्त झाले. मग आमचे हे गेले. वर्षं गेली.

आणि मग एक दिवस बंदी आपोआप आली. कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत सगळंच बंद, तसं तेही बंद. ना अर्ज, ना सह्या, ना मिरवणूक. मी एवढी ओरडले तेव्हा जे शटर हललं नाही, ते कोणीतरी टीव्हीवर बोलल्याबरोबर खाली आलं.

पहिले दिवस भयंकर होते. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री भगवान ओरडायला लागला. भिंतीपलीकडून आवाज येत होता, "मशीन चालून राह्यली, बंद करा तिले, माहा हात शिवून राह्यली." मशीनवर खोळ होती. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं फोन केला, गाडी आली, त्याला रिसोडला नेलं. मी दारात उभी राहून ठरवून टाकलं की हा आता परत येत नाही. आयुष्यभर मी जी बंदी मागितली ती अशी मारते, हे मला माझ्या कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

पण तो आला. पिशवीभर गोळ्या आणि निम्मं वजन घेऊन आला. ओसरीत बसून राहायचा. मग एक दिवस मशीनचा आवाज सुरू झाला. गावासाठी मास्क शिवत होता, चिंध्यांचे. इतक्या वर्षांच्या चिंध्या लोकांना परत दिल्या होत्या, त्या आता लोक त्याला परत आणून देत होते. खोळ पेटीत गेली. संध्याकाळ झाली की मशीन पुसायचा आणि तशीच उघडी ठेवायचा.

एका सकाळी त्यानं कुंपणापलीकडून हाक मारली. "बाई, या बाहेर. जवळ नोका येऊ, तथीच थांबा." आणि हात उंच करून उभा राहिला. चिमटीत काहीतरी धरलेलं.

"काय आहे?"

"पाहा ना. ओवली. मी ओवली."

एवढ्या अंतरावरून मला ना सुई दिसत होती ना दोरा. माझ्या डोळ्यांना तर त्याच्या हाताची बोटंही धड वेगळी दिसत नव्हती. मी म्हणाले, "दिसला, दिसला. लाल आहे ना?"

"पांढरा हाय."

"उन्हामुळे लाल दिसला."

तो एवढा हसला की मास्क नाकाखाली आला. त्या दिवशी रेखाला फोन लावून त्यानं मलाच बोलायला लावलं, आपल्या तोंडानं सांगितलं तर पोरीला खोटं वाटेल म्हणून.

ते काही आठवडे मी भगवानला माणसात पाहिलं. बंदी असावी की नसावी, असं कोणी मला आता विचारलं तर माझ्याकडे हे आठवडे आहेत, आणि दुसऱ्या हातात वर्ध्याचा जावई आहे. दोन्ही खरे आहेत. दोन्ही एकमेकांकडे पाहत बसतात, बोलत नाहीत. आमचे हे असते तर म्हणाले असते, तूच बोल, तुला सवय आहे. पण मला काही सुचत नाही.

कारण मग दारूचं दुकान उघडलं. माझी शाळा बंद होती, मंदिर बंद होतं, एसटी बंद होती. उघडलं ते पहिलं हे. सकाळी मी रेशनला निघाले, तर बसस्टँडपासून रांग. रस्त्यावर चुन्याचे गोल आखलेले, प्रत्येक गोलात एक माणूस, मध्ये अंतर, पोलीस शिस्त लावतोय. माझ्या शाळेची प्रार्थना कधी इतक्या नीट रांगेत झाली नाही.

चौथ्या-पाचव्या गोलात भगवान होता. शाळेच्या गणवेशाच्या चौकड्याच्या कापडाचा मास्क, स्वच्छ सदरा, कानामागे खडू. गोलाच्या अगदी मधोमध उभा. त्यानं मला पाहिलं. आधी मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला. मग बहुधा मला बरं वाटावं म्हणून, की स्वतःला, त्यानं उजवा हात पुढे केला. पंजा उताणा, बोटं पसरलेली, तसाच हवेत धरून ठेवला. हात जराही हलत नव्हता. तो मला तेच दाखवत होता. अजून हलत नाही, बाई.

रांग पुढे सरकली. तो हात तसाच धरून पुढच्या गोलात गेला.

मी रेशनला न जाता घरी आले. त्याच्या ओसरीत मशीनवर खोळ होती, नाड्या नीट बांधलेल्या. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो गेला. पोटात पाणी झालं होतं, रिसोडवाल्यांनी वाशिमला पाठवलं, वाशिमवाल्यांनी घरी. मी भेटायला जायचे तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, म्हणून माझ्या हिशेबी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या गोलातच.

रेखाचं माहेर आता माझं घर. भाऊबीजेला येते, मला ओवाळते, मी तिला साडी देते. भाऊ नसलेल्या आम्ही दोघी, चालतं आमचं. गेल्या दिवाळीला आली तेव्हा गावातल्या चार नव्या सुना माझ्याकडे बसल्या होत्या. मोबाईलवर नियम दाखवत होत्या. पुन्हा सह्या करायच्या म्हणतात, पुन्हा आडवी बाटली, आणि पहिली सही माझी पाहिजे. त्या गेल्यावर रेखा ओसरीत बसून माझ्या सुया ओवत होती. मागितल्या नव्हत्या मी, तिचे हात आपोआप ओवतात. तिच्या हातावर भाजल्यासारखा एक जुना डाग आहे, तो कशाचा हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारायचं टाळते.

मी म्हटलं, "काय करू गं? घ्यायला लावू का मतदान?"

तिनं दोरा दातानं तोडला, सुई चिंधीत टोचली, आणि वर न पाहता म्हणाली, "घ्या ना, बाई. सासरी बंदी हाय, माहेरी दुकान हाय, मले दोन्ही घरी एकच वास आला. तरी बी घ्या. फकत दिवाळीले नोका ठेवू."